बिनगिअरच्या स्कूटरची पूर्वपीठिका

पिठाची गिरणी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. इंजिनाच्या चाकावरून पट्टा निघतो आणि जात्याच्या चाकावर जातो. इंजिनाकडचे चाक लहान व जात्याकडचे मोठे असले, तर जाते सावकाश पण जोराने फिरते. उलट केले तर वेग वाढतो आणि जोर घटतो. हा हिशेब बदलायचा तर गिरणीवाल्याला इंजिन थांबवून चाकच बदलावे लागते. आता ही चाके चालता चालता आपोआप लहानमोठी होऊ लागली तर? गावोगावी दिसणारी बिनगिअरची स्कूटर नेमकी याच युक्तीवर चालते. बाजूच्या झाकणाआड दोन पुल्या, एक रबरी पट्टा आणि वाटोळी वजने, म्हणजे रोलर. पसारा एवढाच. पण तो तिथवर पोचायला पाऊणशे वर्षे गेली आणि वाटेत तंटेही झाले.

इंग्लंडातल्या झेनिथ कारखान्याच्या फ्रेडी बार्न्सने १९०७ च्या सुमारास ‘ग्रॅज्युआ गिअर’ काढला. त्या वेळच्या पुष्कळशा मोटरसायकलींना गती एकच असे. मोठा चढ आला की स्वाराने खाली उतरायचे आणि गाडीबरोबर धावायचे! बार्न्सने इंजिनाकडची पुली दोन तबकड्यांची केली. तबकड्या जवळ आणल्या की मधला पट्टा वर चढे, दूर केल्या की खाली उतरे. पट्टा ढिला पडू नये म्हणून मागचे चाकच पुढेमागे सरके. हे सारे स्वाराने एक मूठ फिरवून करायचे. मग काय, चढणीच्या शर्यतींत झेनिथ इतरांना मागे टाकू लागली. एकाच गतीच्या गाड्यांबरोबर तिने उतरू नये, असा नियम झाला. कारखानाही वस्ताद. १९११ च्या सुमारास त्याने ‘मज्जाव’ अशा अर्थाचा शब्द आपल्या बोधचिन्हातच घातला! ती स्पर्धा बरोबरीची नव्हती, हे आयोजकांचे म्हणणे खरेच होते. पण चढावर कोणती रचना सरस, याची कबुलीही त्या बंदीतच होती.

१९११ मध्ये रज कंपनीने याच तऱ्हेची ‘मल्टी’ काढली आणि १९१४ मध्ये सिरिल पुलिनने रजवर आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत जिंकली. तरीही पुढे साखळी व दातेरी गिअरपेटीने पट्ट्याला हटवले. पावसात पट्टा घसरे, झिजेही फार.

पट्टा पुन्हा मानाने आला तो हॉलंडात. आइंडहोव्हन येथील डाफ कारखान्याचे संस्थापक हुब व्हान डोर्न यांनी १९५८ मध्ये दोन सिलिंडरांची एक छोटी मोटार लोकांपुढे आणली. तिच्यात बार्न्सची मूठ नव्हती. इंजिनाचे फेरे वाढले की पुलीतली वजने गोफणीतल्या दगडासारखी बाहेर ओढ घेत आणि तबकड्या जवळ येत. इंजिनातल्या हवेच्या ओढीचीही त्यांना जोड होती. ही गाडी जेवढ्या वेगाने पुढे जाई, जवळजवळ तेवढ्याच वेगाने मागेही जाऊ शके! लोकांनी तिची थट्टा पुष्कळ केली. गिअर न बदलता गाडी चालवणारा चालक कच्चाच, ही समजूत तिकडेही होती.

आपल्याकडे ती समजूत मोडायला १९८४ साल उजाडले. तोवर स्कूटर म्हणजे डाव्या मुठीने गिअर पाडायची गाडी. पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून, मध्य प्रदेशातल्या पिथमपूर येथे, ९८ सीसीची कायनेटिक होंडा बनवली. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की चालू. पुढे अशा गाड्या वाढल्या आणि दोन गावे ओलांडून शाळेला जाणाऱ्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका त्यांवर दिसू लागल्या. रचनेच्या इतिहासात मला हा भाग शर्यतींपेक्षा मोलाचा वाटतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. बार्न्सचा स्वार चढ पाहून स्वतः मूठ फिरवीत असे. आता तो निर्णय रोलरच्या वजनाने आधीच घेतलेला असतो, आणि वजन ठरवणाऱ्याने तुमचा घाट पाहिलेला नसतो. मागे दुधाच्या दोन किटल्या बांधून घाट चढणाऱ्याची गरज वेगळी, सपाट रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्याची वेगळी. म्हणून काही मिस्त्री रोलर बदलून देतात. हलके रोलर उशिरा बाहेर सरकतात. त्यामुळे इंजिनाचे फेरे चढे राहतात, गाडी झटकन उचलते, चढावर दम धरते. पण आवाज वाढतो, पेट्रोल जास्त लागते, आणि वजन फारच कमी केले तर पुढची पुली पुरती मिटतच नाही. अशा वेळी सपाटीवरचा वेग घटतो. जड रोलरांनी गाडी शांत, काटकसरी चालते आणि चढाला गुदमरते. मागच्या पुलीची स्प्रिंग कडक केली तरी फेरे चढेच राहतात. यांतल्या कशानेही इंजिनाची अश्वशक्ती तसूभर वाढत नाही; आहे ती कोणत्या फेऱ्यांवर वापरायची, एवढेच ठरते.

शिवाय वेग गेला म्हणून तक्रार आली, तर नवे वजन शोधण्याआधी पट्टा पाहावा. तो झिजून अरुंद झाला की पुढच्या पुलीत खाली बसतो. पुली पुरती मिटली तरी तो काठापर्यंत चढत नाही आणि वरचा वेग हातचा जातो. रोलर एका बाजूला चपटे झाले असले तर ते मध्येच अडकतात. अशा गाडीला तिच्याच मापाचा नवा पट्टा आणि मूळ वजनाचे रोलर घातले, की गेलेला वेग बहुधा परत येतो. एवढे करूनही घाटात ती मागे पडली, तरच रोलर थोडे हलके करून पाहावेत. तेही एकदम नव्हे, ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमने, आणि नेहमीचे ओझे लादून त्याच घाटात.