घासणीची निवड: भांडे पाहून, वेळ पाहून

स्वयंपाकघरात दिवसातून किमान दोनदा हाती येणारी, पण वाणसामानाच्या यादीत सर्वांत शेवटी लिहिली जाणारी वस्तू म्हणजे भांडी घासण्याची घासणी. जुनी झिजली, की कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘तसलीच हिरवी’ मागवली जाते आणि दुकानदार हाताला लागेल ती देतो. नवी घासणी रंगाने व आकाराने जुनीसारखीच दिसते. मात्र आठवडाभरात एकतर तिचा लोळागोळा होतो, नाहीतर स्टीलच्या ताटांवर बारीक ओरखड्यांचे जाळे उमटते. काही रुपयांच्या या वस्तूवर शेकडो-हजारो रुपयांच्या भांड्यांचे आयुष्य अवलंबून असते. तिच्या ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा संबंध तर थेट घरातल्यांच्या पोटाशी येतो. म्हणूनच घासणी बदलताना केवळ रंग पाहून भागत नाही. ती कशाची बनली आहे आणि कोणत्या भांड्यावर चालणार आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

हिरव्या घासणीची घडण

घरोघरी ‘स्कॉच-ब्राइट’ या व्यापारी नावानेच ओळखली जाणारी हिरवी घासणी विणलेली नसते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे तंतू अस्ताव्यस्त पसरून त्यांची सैल गादी तयार करतात, ती राळेसारख्या चिकट द्रव्याने बांधतात आणि त्या द्रव्यातच कठीण खनिजाचे बारीक कण मिसळतात. अशा न विणलेल्या घर्षक गादीचे पेटंट अमेरिकेतील थ्रीएम कंपनीच्या संशोधकांना १९६० साली मिळाले. खरवडण्याचे काम तंतू करीत नाहीत, त्यांना चिकटलेले कण करतात. तंतू फक्त त्यांना धरून ठेवतात आणि मधल्या पोकळीतून खरकटे व पाणी वाहू देतात.

हे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे शस्त्रांना धार लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कुरुविंदाच्याच जातीचे असतात. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली मांडलेल्या काठिण्याच्या मोजपट्टीवर हिऱ्याला १० आणि कुरुविंदाला ९ हा क्रमांक आहे. काच साधारण साडेपाचावर येते. भांड्यांचे स्टेनलेस स्टील काचेहूनही मऊ असते. तांबे आणि ॲल्युमिनियम तिनाच्या आसपास, तर कथील अवघे दीड. थोडक्यात, स्वयंपाकघरातल्या बहुतेक सर्व भांड्यांपेक्षा हिरवी घासणी कठीण असते. ती भांडे नुसते पुसत नाही, थोडे खरवडतेही. करपलेल्या कढईच्या बुडाला हे चालते. चकचकीत ताटाला, काचेच्या पेल्याला किंवा नॉनस्टिक तव्याला चालत नाही.

बाजारात निळ्या आणि पांढऱ्या घासण्याही मिळतात. अनेक उत्पादक हिरवा रंग कठीण कामासाठी, निळा ओरखडे न पाडणाऱ्या घासणीसाठी आणि पांढरा सर्वांत सौम्य प्रकारासाठी वापरतात. मात्र हा संकेत आहे, सर्वांना बांधणारा नियम नव्हे. हलक्या प्रतीच्या मालात हिरवा रंग केवळ ओळखीचा म्हणून दिलेला असतो. एका कंपनीची हिरवी घासणी सोडून दुसरीची घेतली आणि ताटांवर चरे पडले, तर त्याचे कारण बहुधा इथेच सापडते.

विकत घेताना

चांगली घासणी हातात घेऊन ओळखता येते. ती दाबून सोडल्यावर पुन्हा फुगते. कडेचा तंतू चिमटीत धरून ओढला तरी सहज सुटून येत नाही. एखादा कोपरा फाडून पाहिल्यास कण आणि चिकट द्रव्य गादीच्या आतपर्यंत पोहोचले आहेत की केवळ वरच्या थरावर फवारले आहेत, हे दिसते. वरवर फवारलेली घासणी पहिले काही दिवस अवास्तव खरखरीत वाटते आणि लगेच गुळगुळीत होते. रंगाचीही परीक्षा घ्यावी. कोमट पाण्यात पिळल्यावर पाणी हिरवे होत असेल, तर ती परत करणेच बरे.

घरी आणल्यावर आणखी एक चाचणी करता येते. लोणच्याच्या रिकाम्या बरणीचे बूड ओले करून त्यावर घासणी जोराने दहा-बारा वेळा फिरवावी आणि बरणी उजेडात धरावी. काचेवर बारीक रेघा दिसल्या, तर त्या घासणीतले कण काचेहून कठीण आहेत, हे निश्चित. अशी घासणी कढया, कुकरचे भांडे, शेगडीच्या जाळ्या यांच्यासाठीच ठेवावी. रेघा दिसल्या नाहीत तर ती रोजच्या ताट-वाट्यांना चालेल. नॉनस्टिकला मात्र तीही वापरू नये.

मोठी गादी घेऊन कात्रीने तिचे चार तुकडे करणे किफायतशीर ठरते. तंतू एकमेकांना चिकटवलेले असल्याने कापलेली कड उसवत नाही. लहान तुकडा पेल्याच्या तळापर्यंत पोहोचतो, लवकर वाळतो आणि टाकून देताना जिवावरही येत नाही. हा शेवटचा फायदा सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल.

तारेची घासणी

करपलेले दूध किंवा तळाशी लागलेली भाजी काढण्यासाठी तारेच्या घासणीचा मोह होतो. तिचे दोन प्रकार आहेत. साध्या पोलादाची लोकर लवकर गंजते. तिचे सूक्ष्म कण स्टेनलेस स्टीलच्या भांड्यावर राहिले तर दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात आणि भांडेच गंजल्याचा समज होतो. स्टेनलेस स्टीलच्या वेटोळ्यांची घासणी गंजत नाही, परंतु जुनी झाली की तिचे बारीक तुकडे सुटू लागतात. मोरीतल्या अपुऱ्या उजेडात ते दिसत नाहीत आणि पातेल्याच्या काठाला चिकटून पुढच्या स्वयंपाकात जातात. घासातून आलेली तार हिरडीत किंवा घशात रुतू शकते. ज्या घरात लहान मुले किंवा वृद्ध आहेत तेथे तारेची घासणी न ठेवलेलीच बरी. ठेवायचीच तर एकही तार सुटलेली दिसताच ती टाकून द्यावी.

तिच्याशिवाय काम भागते. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून पाच-दहा मिनिटे उकळावे व थंड होऊ द्यावे. खरपुडी उलथन्यानेच सुटते. ॲल्युमिनियमला मात्र सोडा वर्ज्य आहे, कारण क्षारामुळे हा धातू काळवंडतो. आतून काळ्या पडलेल्या कुकरसाठी लिंबाची साले किंवा चिंचेचे पाणी उकळण्याची जुनी पद्धतच योग्य.

या संदर्भात एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अनेक घरांत भांड्यांच्या बाईंना दिली जाते ती सर्वांत स्वस्त तारेची घासणी, आणि नंतर भांड्यांवर चरे पडल्याची तक्रारही त्यांच्याकडेच केली जाते. चार घरची भांडी घासणाऱ्या हातांना त्याच तारेने होणाऱ्या जखमांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. दोन प्रकारच्या घासण्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून कोणती कशासाठी, हे एकदा सांगितले तर भांडी आणि हात दोन्ही वाचतात.

तांब्या-पितळेचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत पितळेची पातेली, तांब्याचे हंडे आणि बिडाचे तवे पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागले आहेत. ही भांडी ज्या काळात रोजच्या वापरात होती, त्या काळात हिरवी घासणी नव्हती, हे विसरून चालत नाही.

पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावतात. भांडे तापवून, नवसागर टाकून, त्यावर वितळलेले कथील कापसाने फिरवले, की चंदेरी थर बसतो. हा थर अत्यंत पातळ असतो आणि कथील मुळातच मऊ. नऊ काठिण्याच्या कणांनी भरलेली घासणी रोज फिरली तर ही कल्हई झपाट्याने उतरते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, आमटी, कढी असे आंबट पदार्थ ठेवले की ते कळकतात, म्हणजे त्यात तांब्याचे क्षार उतरतात. अशा अन्नाने मळमळ आणि उलट्या होतात. जुन्या घरांत कल्हईवाल्याची हाक गल्लीत नियमित ऐकू येई. आता शहरात तो शोधावा लागतो. त्यामुळे कल्हई टिकवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. आतून फक्त मऊ स्पंज, काथ्या किंवा फडके आणि सौम्य साबण वापरावा. बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ चोळावे. चिंचेतील टार्टरिक आम्ल तांब्यावरील काळपट ऑक्साइड विरघळवते, त्यासाठी जोराने घासण्याची गरज पडत नाही.

बिडाच्या तव्याची तऱ्हा वेगळी. तापलेल्या तेलाचा घट्ट झालेला काळा थर हेच त्याचे न चिकटण्याचे रहस्य असते आणि खरखरीत घासणीने तोच निघून जातो. कोकणात आंबोळ्या-घावनांचा तवा नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने तेल लावून जपला जातो, तो याचसाठी.

राख, काथ्या आणि घोसाळे

चुलीच्या काळात घासणी विकत आणण्याची वस्तूच नव्हती. नारळाची शेंडी आणि चुलीतली राख यांवर काम भागे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते तेलकटपणाशी संयोग पावून साबणासारखे काम करते आणि चाळलेल्या राखेचे कण बऱ्यापैकी मऊ असतात. विटेची भुकटी किंवा वाळू मात्र त्या काळीही भांडी झिजवीत असे, कारण त्यातल्या गारगोटीचे काठिण्य सात असते. गॅसची शेगडी आली आणि राख संपली. शेंडी तेवढी उरली.

काथ्याच्या गोल घासण्या आता पुन्हा दुकानांत दिसतात. नारळाच्या तंतूंत लिग्निन हे कठीण द्रव्य भरपूर असल्याने ते पाण्यात लवकर कुजत नाहीत, आणि धातूला ओरखडाही पाडत नाहीत. पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडे तंतू गळतात, तेवढा काळ सिंकच्या जाळीवर लक्ष ठेवावे. फार तेलकट भांड्याला काथ्या कमी पडतो, हेही खरे.

दुसरा पर्याय वाळलेल्या घोसाळ्याचा. वेलीवरच पूर्ण वाळलेले घोसाळे सोलून, बिया झटकून, धुऊन घेतले की जाळीदार स्पंज तयार होतो. ओला झाला की तो मऊ पडतो, त्यामुळे काच, चिनी माती आणि नॉनस्टिक यांना तो सर्वांत सुरक्षित आहे. गच्चीवर किंवा खिडकीत वेल असणाऱ्यांना वर्षभराची बेगमी करता येते.

किती दिवसांनी बदलावी?

घासणी फाटेपर्यंत वापरायची, हा सार्वत्रिक रिवाज आरोग्याच्या दृष्टीने चुकीचा आहे. जर्मनीतील फुर्टवांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरगुती वापरातील १४ स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरमध्ये ५४ अब्जांपर्यंत जिवाणू आढळले. त्यातले बहुसंख्य निरुपद्रवी असले, तरी अशक्त व्यक्तींना त्रासदायक ठरू शकणाऱ्या काही जाती त्यांत होत्या. स्पंज नियमित ‘शुद्ध’ करतो असे सांगणाऱ्यांचे स्पंजही अधिक स्वच्छ निघाले नाहीत. संशोधकांनी आठवड्याला स्पंज बदलण्याची शिफारस केली.

याउलट अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले होते, की ओला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट तापवला तर जवळजवळ सर्व जिवाणू मरतात. या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नाही. उष्णतेने जिवाणू मरतात हे खरे. पण जे थोडे वाचतात, त्यांना अन्नकण आणि ओलावा मिळाला की ते पुन्हा वाढतात. म्हणजे तापवण्याने घासणीचे आयुष्य थोडे वाढेल, ती नवी होणार नाही. मायक्रोवेव्हचा उपाय करताना स्पंज पूर्ण ओला असावा, कोरडा पेट घेऊ शकतो. तारेची किंवा धातूचा अंश असलेली घासणी आत कधीही ठेवू नये.

खरा उपाय वाळवण्याचा आहे. नॉर्वेतील नोफिमा या अन्नसंशोधन संस्थेच्या अभ्यासांत दांड्याचे ब्रश स्पंजपेक्षा सुरक्षित आढळले, कारण ब्रश दोन वापरांच्या दरम्यान वाळतो आणि वाळताना साल्मोनेलासारखे जिवाणू मरतात. जाड स्पंज आतून वाळतच नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर पातळ घासणीही रात्रभर ओली राहते. साबणाच्या डबीत पाण्यात बुडवून ठेवलेली घासणी हा सर्वांत वाईट प्रकार. ती वापरानंतर धुऊन, पिळून, चिमट्याने लटकवावी. दोन घासण्या आलटून पालटून वापरल्यास प्रत्येकीला वाळायला पुरता अवधी मिळतो. स्पंज लावलेली घासणी आठवड्याने आणि बिनस्पंजाची पातळ घासणी दोन-तीन आठवड्यांनी बदलावी. वास येऊ लागला, चिकट लागली, तर त्याआधीच. कच्चे मासे, मटण किंवा कोंबडी ठेवलेल्या भांड्यांची घासणी वेगळी असावी. अनेक घरांत सोवळ्या-ओवळ्यापायी ती वेगळी असतेच, तिला जिवाणुशास्त्राचाही आधार आहे.

बाद झालेली घासणी लगेच टाकून देण्याची गरज नसते. गरम पाण्यात धुऊन ती मोरीच्या फरशीला किंवा बागेच्या कुंड्यांना वापरता येते. अखेरीस काथ्या आणि घोसाळे बारीक कापून ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या टोपलीत जाऊ शकतात. नायलॉनची हिरवी घासणी कुजत नाही आणि झिजताना तिचे सूक्ष्म तंतू सांडपाण्यातून वाहून जातात. ती धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यातच टाकावी. तारेची घासणी कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला ती लागत नाही.