वितळणारी तार

मुंबईच्या गिरण्यांना वीज कशी मिळाली हे सांगताना आपण लोणावळा-वळवणचे तलाव, १९१५ साली सुरू झालेले खोपोलीचे वीजगृह आणि टाटांचे धाडस यांचे गोडवे गातो. ते यथार्थच होय. परंतु एका क्षुद्र वस्तूचे ऋण आम्हांस येथे नमूद करावेसे वाटते. गिरणीत कापसाचे तंतू हवेत सदैव तरंगत असतात. तेथे अतितप्त तारेची एक ठिणगीही अनर्थास पुरे. या भयास आळा घालणाऱ्या साधनांत फ्यूजचा मान मोठा आहे. न्यूयॉर्कचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ साली चालू झाले. त्याच्या दोन वर्षे आधीच, १८८० साली, एडिसनने विजेच्या दिव्यांसाठी अशा रक्षक तारेचे पेटंट मिळविले होते. प्रवाह मर्यादेबाहेर वाढताच या बारीक तारेने स्वतः वितळावे व मार्ग तोडून पुढील अग्निप्रलय टाळावा, एवढीच तिची योजना. कारखान्यातील इतर सर्व भाग टिकावेत म्हणून घडविलेले. हा मात्र वेळ येताच नष्ट व्हावा म्हणून! काम खोळंबू नये म्हणून तिच्या जागी तांब्याची जाड तार बांधणारे महाभाग आजही आढळतात. पहारेकऱ्यास बांधून ठेवून घर सुरक्षित राहील, अशी आशा कोणी करू नये.