परदेशातील चिनी नवागत आणि हुईग्वान : सॅन फ्रान्सिस्को (१८५१–१८९३)

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता हाँगकाँगमार्गे दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात पोहोचली. अफूच्या युद्धानंतरची आर्थिक विस्कळीतता आणि १८५० मध्ये सुरू झालेले ताइपिंग बंड यांनी ग्रासलेल्या या भागातील तरुण ‘सोन्याच्या डोंगरा’कडे निघाले. १८५२ या एकाच वर्षी सुमारे २० हजार चिनी सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरले. इंग्रजीचा गंध नसलेला, बहुधा उधारीच्या तिकिटावर आलेला हा नवागत पहिल्या दिवशी कोणाकडे जात असे, हा प्रश्न स्थलांतराच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

तो हुईग्वानकडे जात असे. हुईग्वान म्हणजे एकाच जिल्ह्यातून वा जिल्हासमूहातून आलेल्यांचे मंडळ. ही कल्पना अमेरिकेत जन्मलेली नव्हे. चीनमधील मोठ्या शहरांत परप्रांतीय व्यापारी आणि परीक्षार्थी अशाच मंडळांच्या आश्रयाने राहत. सॅन फ्रान्सिस्कोत १८५१ मध्ये सॅम यप (तीन जिल्हे) आणि स्झे यप (चार जिल्हे) ही मंडळे स्थापन झाली. दोन्हीकडचे लोक कॅन्टोनी वर्गातीलच बोली बोलत, तरी एकाची बोली दुसऱ्यास सहज उमगत नसे. म्हणूनच धक्क्यावर मंडळाचा माणूस गावाकडच्या बोलीत हाक मारी, तेव्हा नवागताला मोठा आधार वाटत असला पाहिजे. नावनोंदणी, तात्पुरता निवारा, कामाची माहिती, आजारपणातील मदत, तंट्यांचा निवाडा आणि मृताच्या अस्थी मायदेशी पाठविणे ही सारी कामे मंडळे पाहत. (मुंबईत माझगाव येथील १९१९ मध्ये उभारलेल्या ‘सी यप कून’ या मंदिराच्या नावातही त्याच चार जिल्ह्यांची ओळख टिकून आहे.)

मात्र या आश्रयाला दुसरी बाजू होती. मंडळांची सूत्रे व्यापाऱ्यांच्या हाती होती आणि नवागताचे सावकारही बहुधा व्यापारीच असत. मंडळांनी आगबोट कंपन्यांशी असा करार केला की, कर्ज व वर्गणी फेडल्याचा दाखला असल्याखेरीज कोणाही चिनी प्रवाशास परतीचे तिकीट देऊ नये. ज्या संस्थेने धक्क्यावर उतरवून घेतले, तिच्याच परवानगीवाचून परतणे अशक्य! चिनीविरोधी राजकारण्यांनी याच व्यवस्थेकडे बोट दाखवून मंडळांवर गुलामांच्या व्यापाराचा आरोप केला. तो आरोप टिकणारा नाही. बहुसंख्य लोक स्वेच्छेने, उधारीवर आले होते. तथापि मंडळांना निव्वळ परोपकारी ठरविणेही तितकेच एकांगी होय.

या सत्तेला बळ दिले ते अमेरिकन कायद्यानेच. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल विरुद्ध हॉल’ खटल्यात, गोऱ्या व्यक्तीविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. न्यायालयाचे दारच असे बंद झाल्यावर तंटे मंडळापुढे जाणे क्रमप्राप्त होते. पुढे ‘सहा कंपन्या’ म्हणून ओळखली गेलेली ही मंडळे, चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला त्या १८८२ मध्येच, एका मध्यवर्ती संस्थेत औपचारिकपणे संघटित झाली.

तिची खरी कसोटी १८९२ च्या गिअरी कायद्याने लागली. प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला बाळगावा, अन्यथा हद्दपारीस सामोरे जावे, असा तो कायदा होता. सहा कंपन्यांनी नोंदणीवर बहिष्काराचे आवाहन केले, कायदेशीर लढ्यासाठी माणशी एक डॉलर वर्गणी मागितली आणि बहुसंख्यांनी तो आदेश पाळला. इंग्रजी वृत्तपत्रांनी निमूट व परावलंबी म्हणून रंगविलेल्या समाजाचा हा सामुदायिक कायदेभंग विशेष लक्षणीय आहे. परंतु १५ मे १८९३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फाँग यू टिंग’ खटल्यात कायदा वैध ठरविला. सहा कंपन्यांच्या प्रतिष्ठेस जबर धक्का बसला व चायनाटाऊनमधील गुप्त मंडळ्यांचा जोर वाढला. नोव्हेंबरमध्ये सरकारने नोंदणीस सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि मंडळाच्या शब्दावर विसंबून दाखला न घेतलेल्या हजारो मजुरांना आता तोच दाखला घेण्यासाठी सरकारी कचेरीची पायरी चढावी लागली.