नाडी की श्वास? इंदूरच्या शस्त्रक्रिया आणि भुलेचा पहारा

इंदूरचा इतिहास म्हटला की आपले मन राजवाड्यापासून निघते आणि छत्र्यांपाशी येऊन थांबते. जुनी इंदूरमधल्या आपल्या घराण्यांनी सनदा जपल्या, मोडी कागद जपले, वंशावळीही जपल्या. तिकडे रेसिडेन्सीच्या हद्दीत, तुकोजीराव दुसरे यांच्या अमदानीत, शस्त्रवैद्यकाचा एक अध्याय घडत होता, त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. डॉ. डी. एफ. कीगन हे इंदूरचे रेसिडेन्सी सर्जन. त्यांचे एक पुस्तक १८८७ साली निघाले, मूत्राशयातील खडा न कापता फोडून काढण्याविषयी. दुसरे १९०० साली, कापलेले नाक नव्याने घडवण्याविषयी.

नाकाची गोष्ट मुळात आपलीच. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर गेलेला काउसजी हा मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. ती हकीकत चित्रासह १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. काउसजीचे नाव राहिले, कारागिराचे राहिले नाही. आणि हे सारे भुलेवाचून! मेणाच्या साच्याने नाकाचे माप घ्यायचे, कपाळावर रेघ आखायची, आणि जागा माणूस समोर बसलेला असताना त्या रेघेवरून वस्तरा फिरवायचा. कीगनांनी हीच मराठी पद्धत उचलून सुधारली.

मधल्या काळात बोस्टनमध्ये १८४६ साली ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोत सिम्सनने क्लोरोफॉर्म वापरला. हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मचेच राज्य झाले, त्याचे कारण आपल्या वैशाखात आहे. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतो. माळव्यातल्या दुपारी बाटली उघडली की तो उडालाच. शिवाय दिव्याजवळ पेट घेतो. क्लोरोफॉर्म ६१ अंशांपर्यंत टिकतो, पेटत नाही, रुमालावर थोडे थेंब टाकले तरी पुरतात.

भूल आली म्हणून केवळ वेदना गेली असे नव्हे, शस्त्रक्रियेचा आकारच बदलला. पूर्वी खडा फोडायचा तर रुग्णाला सोसेल तेवढा वेळ, थोडा थोडा, अनेक खेपांत. बोस्टनच्या बिगेलोने १८७८ साली दाखवले की झोपलेल्या माणसाचा खडा एका बैठकीत फोडून धुऊन काढता येतो. लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, तिथे हे जमणार नाही, असा पक्का समज होता. कीगनांनी इंदुरात मुलांवर ते करून दाखवले. नाकाच्या कामात अडचण निराळी. जिथे सुरी चालायची तिथेच क्लोरोफॉर्मचा रुमाल धरायचा, आणि घशात उतरणारे रक्त श्वासनलिकेत जाऊ द्यायचे नाही. अशा वेळी उशाशी बाटली घेऊन बसलेल्या मदतनिसाच्या हाती जीव असे. पुस्तकावर नाव अर्थात शस्त्रवैद्याचे.

या मदतनिसाने पाहायचे काय? भांडण इथेच पेटले. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमधली हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. लंडनकर म्हणत, नाडीवरचे बोट हलवू नका. एडिंबरोकर म्हणत, नाडी सोडा, श्वास पाहा. मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरोचे कट्टर अनुयायी. त्यांनी १८८८ साली आयोग नेमवला. तो कुणाला पटेना, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन १८८९ साली लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लॉरींच्या शिष्या रूपाबाई फर्दुनजी याच सुमारास क्लोरोफॉर्म देत असत, आणि जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

लॉरींचा हट्ट मला अर्धाच मान्य आहे. श्वासाकडे डोळा ठेवायला लावून त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचवले असतील; पण नाडी पाहूच नका हे सांगणे घातक होते. १९११ साली लेव्हीने मांजरांवर दाखवले की अपुऱ्या, हलक्या भुलेत घाबरलेले हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते, श्वास चालू असतानाही. भीतीने थेंब कमी टाकणारा मदतनीस कधी कधी स्वतःच संकट ओढवत होता.

आज तुमच्या घरचे कुणी एम.वाय.त किंवा दुसऱ्या एखाद्या इस्पितळात टेबलावर असते, तेव्हा पडद्यावर हे दोन्ही पक्ष शेजारी नांदतात. एक रेघ हृदयाची; दुसरी, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची, ती लॉरींना आवडली असती. बोटावरचा चिमटा रक्तातला प्राणवायू मोजतो. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकात शोधले. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, तेही जुन्याच धड्यामुळे: गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते.

बाहेर बाकावर बसलेल्या आपल्याला टाके घातले की संपले असे वाटते. पण भूल उतरताना जीभ मागे पडते, स्नायू सैल करणारे औषध अंगात उरलेले असते. म्हणून तिथली परिचारिका रुग्णाला कुशीवर वळवते, नावाने हाक मारते, ओ येईपर्यंत थांबते, आणि मग सांगते, “काका, डोके उचला, पाच मोजेपर्यंत तसेच धरा.”