तहान हरवलेला घोडा

घोड्याचा इतिहास म्हटला कीं लढाया, मोहिमा, पागा आणि खोगिरें आपल्या डोळ्यांपुढें येतात. त्याच्या घामाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाहीं. आज तो थोडक्यांत सांगावयाचा आहे. कारण या घामापायीं असंख्य घोडे प्राणास मुकले, आणि त्याचें खरें कारण उमजावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आरंभ एका जुन्या ग्रंथापासून करूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. तींतील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत उत्तम घोड्याचा रतीब बांधून दिलेला आहे. दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ स्नेह म्हणजे तेल-तूप, आणि पांच पलें मीठ. धान्य व स्नेह बळासाठीं, हें कोणासही समजेल. पण मीठ तोलून कां द्यावें? ग्रंथकार कारण सांगत नाहीं. सरकारी कोठींतून काय बाहेर पडावें एवढेंच त्याला सांगावयाचें आहे. तें माप पागेंतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठरलें असावें, असें मला वाटतें.

आतां या मिठाचें कारण पाहूं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो; म्हैस डबक्यांत जाऊन बसते. घोडा मात्र माणसाप्रमाणें घामानें निथळतो. कडक उन्हांत जोरानें दौडणारा घोडा तासाला दहा ते पंधरा लिटर घाम गाळूं शकतो. येथवर दोघांचें साम्य; पुढें मोठा भेद आहे. माणसाचा घाम रक्ताच्या मानानें पुष्कळच अळणी असतो, कारण तो त्वचेंतून बाहेर येतां येतां शरीर त्यांतलें मीठ परत शोषून घेतें. घोड्याच्या शरीराला ही काटकसर साधत नाहीं. त्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना किंचित् अधिक खारट असतो. एका लिटरमागें सुमारें दहा ग्रॅम क्षार वाहून जातात. त्यांत सोडियम, क्लोराइड व पोटॅशियम हे मुख्य; कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अल्प. यांनाच शास्त्रज्ञ इलेक्ट्रोलाइट म्हणतात. (खोगिराच्या कडेला जो पांढरा फेंस दिसतो, तो मात्र मिठाचा नव्हे. घामांतल्या लॅथरिन नांवाच्या प्रथिनाचा तो प्रताप. १९८६ सालीं तें वेगळें काढण्यांत आलें. साबणाप्रमाणें काम करून तें केसाळ कातडीवर घाम पसरवतें.)

यांतून एक विचित्र संकट उभें राहतें. आपल्याला तहान लागते ती बहुतांशीं रक्त दाट व खारट झालें म्हणून. घोड्याच्या अंगांतून पाण्याबरोबर मीठही त्याच प्रमाणांत गेल्यामुळें रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाहीं, आणि मेंदूला तहानेची वर्दीच मिळत नाहीं. वीस-तीस लिटर पाणी गमावलेला घोडा भरल्या हौदापाशीं उभा राहतो आणि तोंड फिरवतो. धनी म्हणतो, जनावराला पाणी नको आहे. त्यांतच तापलेल्या घोड्याला पाणी पाजूं नये असा समज अनेक देशांत रूढ होता. म्हणजे जो क्वचित् पाणी मागे, त्यालाही तें मिळत नसे!

हें कोडें सुटावयास एक शर्यत कारणीभूत झाली. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील ऑबर्न गांवच्या वेंडेल रॉबी नामक गृहस्थानें टाहो सरोवराच्या प्रदेशांतून आपल्या गांवापर्यंत एका दिवसांत शंभर मैल घोड्यावरून जाण्याचा उपक्रम सुरू केला. पुढें तो टेव्हिस कप या नांवानें प्रसिद्धीस आला. वाटेंत सिएरा नेव्हाडा पर्वताचे चढउतार, आणि दऱ्यांतून भट्टीसारखी उष्णता. जागोजागीं पशुवैद्य घोड्याची नाडी पाहून त्यास पुढें सोडीत किंवा अडवीत. अशा लांब पल्ल्याच्या शर्यती जसजशा वाढल्या, तसतसे थकलेले घोडे वैद्यांना परीक्षेसाठीं समोर उभे मिळूं लागले. रणांगणावर ही सोय कोठून असणार?

तेथें त्यांना एक चमत्कारिक लक्षण दिसे. घोडा उभा असतांना त्याची कुशी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गचके देई, जणू हृदयाच्या तालावर उचकी लागली आहे. छाती व पोट यांमधील पडद्याला हालवणारी मज्जा हृदयाच्या अगदीं जवळून जाते. रक्तांतलें कॅल्शियम, पोटॅशियम व क्लोराइड घटलें कीं ही मज्जा इतकी हळवी होते कीं हृदयांतल्या विद्युत्‌लहरीनेंही ती चेतते. कॅलिफोर्नियांतील कार्लसन व मॅन्समन या पशुवैद्यांनीं १९७४ सालीं अशा घोड्यांच्या रक्ताचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि घामाचा हिशेब प्रथमच आंकड्यांत मांडला जाऊं लागला.

तरीही जगाला खडबडून जाग येण्यास मोठे प्रसंग घडावे लागले. १९७८ सालीं केंटकींतील लेक्सिंग्टन येथें तीन दिवसांच्या अश्वस्पर्धेची जागतिक स्पर्धा भरली, तेव्हां दमट उन्हाळ्यानें अनेक घोडे बेजार झाले. म्हणून १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वीं शास्त्रज्ञांनीं आधींच कसून अभ्यास केला. स्पर्धेचा दौडीचा भाग पहांटे ठेवला, अंतर कमी केलें, विश्रांती वाढविली, तुषार उडविणारे पंखे लावले आणि घोड्यांवर बर्फाचें पाणी सरळ ओतलें. गरम स्नायूंवर थार पाणी पडलें तर घोडा आंखडतो, हा जुना धाक तेथें खोटा ठरला.

राहिला प्रश्न हरवलेल्या तहानेचा. त्याचें उत्तर मला सर्वांत आवडतें. मिशिगन येथील संशोधकांनीं २००२ सालीं दाखविलें कीं दमलेल्या घोड्याला प्रथम शेंकडा सुमारें एक भाग मिठाचें पाणी दिलें, तर तो तें पितो आणि मागाहून साधें पाणीही अधिक पितो. मीठ परत आलें कीं रक्ताचा खारटपणा राहतो आणि तहान जागी राहते. मात्र नळीनें तोंडांत भरावयाचे दाट क्षार पाण्यावांचून देणें घातक आहे. ते उलट शरीरांतलें पाणी आतड्यांत ओढतात. आणि असे दाट क्षार वारंवार दिल्यास पोटांत व्रण होतात, असें २००५ सालीं सिद्ध झालें. शर्यतीच्या आठ दिवस आधीं मीठ चारून सांठा करतां येईल हाही भ्रम. जास्तीचें मीठ मूत्रावाटें निघून जातें.

सुक्या वैरणींत पोटॅशियम विपुल असतें, सोडियम फार थोडें. माथेरानच्या चढावर माणसें वाहून नेणाऱ्या घोड्यांना महागड्या पुड्यांची गरज सहसा पडत नाहीं. गव्हाणींत चाटावयास खडेमिठाचा खडा आणि सांवलींत भरलेली पाण्याची बादली, एवढ्यानें त्यांचें बहुतेक दिवस भागतें. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टींत, दिवसभर खेपा चालूं असतांना, दाण्यांत चिमूटभर नव्हे, मूठभर मीठ मिसळावें आणि बादली पुन्हां भरून ठेवावी.