बारावीत गुण कमी पडले : सुरतचं विद्यापीठ की जळगावचं?

इच्छापोर (सुरत) : बारावीचा निकाल लागतो, पंचाहत्तरची आशा असते आणि हातात साठ पडतात. मग सुरतेतल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इथं नाही मिळालं तर गावाकडं पाठवू, जळगावला होऊन जाईल." हजिरा रोडच्या कारखान्यांमुळे इच्छापोर-कवास भागात राहायला आलेली कुटुंबं असोत, की उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीतली जुनी खान्देशी वस्ती असो, मामा-काका अजून अमळनेर, चोपडा, नंदुरबारलाच असतात. त्यामुळे गावाकडचं विद्यापीठ म्हणजे हक्काचं, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

2025 मध्ये गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही मंडळांचे बारावीचे निकाल 5 मे या एकाच दिवशी लागले. गुजरातेत विज्ञान शाखेचा निकाल 83.51 टक्के आणि सामान्य प्रवाहाचा 93.07 टक्के होता, तर महाराष्ट्राचा एकूण निकाल 91.88 टक्के. म्हणजे पास होणारे भरपूर आणि दोन्हीकडची प्रवेशाची धावपळ साधारण एकाच वेळी. अशा वेळी घरचे टक्केवारीकडे बघत बसतात. प्रत्यक्षात अडतं ते दाखल्यांपाशी.

आधी दोन्ही विद्यापीठं नीट ओळखून घेऊ. सुरतचं वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ 1965 चं. 2004 मध्ये त्याला कवी नर्मदांचं नाव मिळालं. मुख्य परिसर उधना-मगदल्ला रोडवर आहे, इच्छापोरहून ओएनजीसी पुलावरून तापी ओलांडली की त्या बाजूला. वलसाड, नवसारी, तापी, डांगपर्यंतची कॉलेजं या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. जळगावचं विद्यापीठ पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन 15 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं. तेव्हाचं नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे. म्हणजे "जळगावचं विद्यापीठ" घ्यायला जळगावलाच राहावं लागतं असं नाही. ताप्ती लाइनवर सुरतेकडून जाताना नंदुरबार आधी लागतं, त्याच्याही आधी नवापूर, ज्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. तिथल्या कॉलेजांची पदवीही याच विद्यापीठाची.

गुण कमी पडले म्हणजे नेमकं काय गेलं?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. या साध्या पदव्यांसाठी गुण कमी पडले म्हणून विद्यापीठ सहसा जात नाही, ग्रँटेड कॉलेज जातं. सुरतेत अठवालाइन्सच्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजांत मेरिट वर जातं, आणि साठवाल्या मुलाला सेल्फ फायनान्स कॉलेजची जागा दिसते. फी तिथं जास्त, पण परीक्षा त्याच विद्यापीठाची आणि पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं. महाराष्ट्रातही तोच प्रकार, फक्त शब्द वेगळे, अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी. म्हणून हिशोब असा मांडावा : सेल्फ फायनान्सची जास्तीची फी एका बाजूला, आणि जळगावला खोली, मेस, येण्या-जाण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, तीन वर्षांचा हा हिशोब कागदावर मांडला तर बी.कॉम.साठी घर सोडणं बहुतेक वेळा महागच पडतं. काकांच्या घरी राहणार असेल तर आकडा बदलतो, हे मान्य. पण पाहुणा म्हणून तीन वर्षं राहणं मुलालाही जड जातं आणि काकूलाही.

गुजरातेत 2024 पासून सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश 'जीकॅस' या एकाच पोर्टलवरून होतात. 300 रुपये भरून एकदा नोंदणी करायची आणि कॉलेजांची पसंती द्यायची. पहिल्या वर्षी बराच गोंधळ झाला आणि प्रवेश लांबले. त्याचा एक धडा असा की पहिल्या राउंडला नाव आलं नाही म्हणून गाडी पकडून जळगाव गाठायचं नसतं. पुढच्या राउंडमध्ये वरचे विद्यार्थी इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंगकडे सरकतात आणि जागा मोकळ्या होतात. पसंतीक्रम भरताना मात्र फक्त तीन-चार नावाजलेली कॉलेजं टाकून थांबणारे पालक स्वतःच मुलाची वाट अडवतात.

इंजिनीअरिंगचा विचार असेल तर मुळात या दोन विद्यापीठांमधला प्रश्नच उरत नाही. गुजरातेतली बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजं गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीला जोडलेली आहेत, आणि जळगाव भागातली बरीचशी लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला. अपवाद म्हणजे जळगाव विद्यापीठाच्या परिसरातली रासायनिक तंत्रज्ञान संस्था. हजिरा पट्ट्यात राहणाऱ्याला केमिकलचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

'आमचं मूळ गाव महाराष्ट्रात' एवढ्यानं भागत नाही

खरी अडचण इथून पुढं आहे. इच्छापोरला शिकलेला मुलगा बारावी गुजरात मंडळातून पास झालेला असतो. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या नियमांत राज्याचा उमेदवार ठरवायला वेगवेगळे प्रकार आहेत. 'ए' प्रकारात दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी, म्हणजे हा मुलगा तिथं बसत नाही. 'बी' प्रकारात आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी हवेत आणि तसं प्रमाणपत्र हवं. सुरतेतल्या मराठी मुलांना उघडा असलेला दरवाजा मुख्यतः हाच. पण वडील वीस-पंचवीस वर्षं सुरतेत, रेशन कार्ड सुरतचं, मतदान सुरतेत. मग तहसील कार्यालयात वास्तव्याचा पुरावा काय दाखवणार? सातबाऱ्यावर नाव असणं आणि तिथं राहत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा दाखला जूनमध्ये धावपळ करून मिळत नाही. मूल अकरावीत असतानाच तपासून ठेवायला हवा. तो नसेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलगा अखिल भारतीय उमेदवार ठरतो. मग जागा थोड्या आणि महाराष्ट्रातल्या सवलती नाहीत.

एनआयटीचा नियम याच्या अगदी उलट आहे. तिथं बारावी कुठून पास झाला ते राज्य गृहराज्य धरतात. म्हणून सुरतचा मराठी मुलगा सुरतच्या एसव्हीएनआयटीत स्थानिक आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत बाहेरचा. (एसव्हीएनआयटी इच्छानाथला आहे, इच्छापोरला नव्हे. बाहेरगावचे पाहुणे या दोन नावांत हटकून फसतात.)

जातीच्या दाखल्याचं दुखणं याहून मोठं. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब कामासाठी गुजरातेत आलं, तर त्यांच्या मुलांना गुजरातच्या राज्य कोट्यात त्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1990 चा मर्री चंद्रशेखर राव खटल्याचा निकाल याच प्रश्नावरचा आहे. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जमातीचा हा विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईला आला होता. त्यानं मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मागितला. न्यायालयानं सांगितलं, जात-जमात त्या त्या राज्याच्या संदर्भात ठरलेली असते, स्थलांतर केलं की लाभ आपोआप सोबत येत नाही. 2018 मध्ये घटनापीठानं बीर सिंग खटल्यात हेच तत्त्व कायम ठेवलं.

ओबीसींचा घोळ निराळा. जळगावचा लेवा पाटील महाराष्ट्रात कुणबी नोंदीखाली ओबीसीत येतो, पण गुजरातेत पाटीदार खुल्या वर्गात. त्यात शब्दांचा गोंधळ. 'एसईबीसी' म्हणजे गुजरातेत बक्षीपंच, म्हणजे आपल्याकडचे ओबीसी. महाराष्ट्रात मात्र 2024 च्या कायद्यानंतर एसईबीसी म्हणजे मराठा आरक्षण. फॉर्म भरताना सुरतेतल्या सायबर कॅफेवाल्यानं सवयीनं एसईबीसीवर टिचकी मारली तर महाराष्ट्राच्या पोर्टलवर भलताच प्रवर्ग पडतो.

थोडक्यात, राखीव प्रवर्गातलं मराठी मूल सुरतेत राहिलं तर खुल्या यादीत, आणि महाराष्ट्रात गेलं तर आधी पालकाचा अधिवास, मग जातीचा दाखला, मग जात वैधता. 1 मे 1960 पर्यंत सुरत आणि खान्देश एकाच मुंबई राज्यात होते, हे आठवलं की या कागदी भिंती जरा जास्तच खुपतात. पण खुपतात म्हणून त्या ओलांडता येत नाहीत. महाराष्ट्राचा अधिवास आणि जात वैधता हातात असलेल्या घरांनी मात्र जळगावचा, किंवा एकूणच महाराष्ट्राचा, विचार गांभीर्यानं करावा. तिथं कमी गुणांतही चांगली जागा मिळू शकते.

शिष्यवृत्ती कुठल्या राज्याची?

गुजरातची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना बारावीत 80 किंवा जास्त पर्सेंटाइल आणि सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे. लक्षात घ्या, पर्सेंटाइल, टक्के नव्हे. गुणपत्रिकेवर दोन्ही छापलेले असतात. टक्के साठ-पासष्ट दिसले म्हणून हिरमुसून न बसता पर्सेंटाइलचा रकाना आधी वाचावा. तो 80 च्या वर असेल तर बी.कॉम., बी.एस्सी.साठी वर्षाला 10 हजारांपर्यंत आणि इंजिनीअरिंगला 50 हजारांपर्यंत शुल्कमदत मिळते.

महाराष्ट्रात 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलगी असेल, फार्मसी किंवा इंजिनीअरिंग करायचं असेल आणि महाराष्ट्राचे रहिवासी, उत्पन्नाचे दाखले खरोखर मिळत असतील, तर हा फरक मोठा आहे आणि पारडं तिकडं झुकतं. साध्या बी.ए., बी.कॉम.साठी ही माफी धरून चालू नये.

निकालच पुन्हा बघायचा असेल तर

विद्यापीठ बदलण्याआधी निकालावरचे उपाय संपलेत का, हे बघावं. गुजरात मंडळात गुणचकासणीचा आणि उत्तरवही बघण्याचा अर्ज करता येतो. मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती वाया जाते ती बहुतेक रडण्या-रागावण्यातच. विज्ञान शाखेसाठी 2024 पासून चांगली सोय झाली आहे. पूरक परीक्षेत सगळे विषय पुन्हा देता येतात आणि दोन निकालांपैकी चांगला धरला जातो. महाराष्ट्र मंडळाची श्रेणीसुधार योजना नातेवाईक सुचवतील, पण ती त्या मंडळातून पास झालेल्यांसाठी आहे.

भाषेचाही विचार करावा. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला जळगाव-नंदुरबारला कला-वाणिज्यचे पेपर मराठीत लिहिता येतात. सुरतेत गुजराती किंवा इंग्रजी. काही मुलांचे बारावीला गुण पडतात ते अभ्यासापेक्षा भाषेमुळे, आणि अशा मुलाला गावाकडचं कॉलेज मानवतं. बारावी गुजराती माध्यमातून झालेल्याला मात्र मराठीत अर्थशास्त्राची उत्तरं लिहायला बसवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. घरी अहिराणी बोलतो एवढ्यावर हा निर्णय घेऊ नये.

उलट दिशेचा प्रवासही आहेच. नवापूर, नंदुरबारची मुलं सोनगढ, व्यारा, सुरतेकडे येतात, आणि त्यांनाही हेच सगळे नियम उलट बाजूनं लागू होतात. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्राच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' हा स्वतंत्र प्रकार आहे. 865 गावांच्या दाव्यातून ही सवलत आली. राणी चन्नम्मा विद्यापीठ की कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, हा तिकडचा प्रश्न, पण व्यावसायिक प्रवेशापुरता तरी त्यांच्याकडे हा रस्ता आहे. सुरत, नवसारी, वलसाडच्या मराठी मुलांना तो नाही. त्यांचा भाग वादग्रस्त नाही ना!

शेवटी कागदांबद्दल एक. जळगावला जायचं ठरलंच तर गुजरात मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि तिकडचं कॉलेज पात्रता प्रमाणपत्रासाठी ते मागतं. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती आधीच करून ठेवा. सुरतेत जागा धरून ठेवून जळगावची वाट बघणारे बरेच असतात. त्यात गैर काही नाही, पण मूळ दाखला पहिल्या कॉलेजात अडकला की दुसरीकडचा प्रवेश लटकतो. पडताळणीनंतर मूळ कागद परत द्यावेत आणि प्रवेश रद्द केल्यास तारखेनुसार शुल्क परत करावं, असा यूजीसीचा 2018 चा नियम आहे. प्रवेश रद्द करायचा अर्ज लेखीच द्या, आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.