भास्कर : एकाच नावाचे ग्रंथकार

भास्कर हे नाव भारताच्या इतिहासात वेगवेगळ्या काळांतील अनेक विद्वानांनी धारण केलेले असून, गणित व ज्योतिष (ग्रहताऱ्यांच्या गतीचे शास्त्र) या क्षेत्रांत त्या नावाचे दोन श्रेष्ठ ग्रंथकार सुमारे पाचशे वर्षांच्या अंतराने होऊन गेले. अभ्यासकांनी ओळखीच्या सोयीसाठी त्यांना ‘पहिला भास्कर’ आणि ‘दुसरा भास्कर’ असे म्हटले. मात्र राजघराण्यातील पहिला-दुसरा यांप्रमाणे त्यांच्यात वंशाचे वा वारशाचे कोणतेही नाते नव्हते. महाराष्ट्रात नुसते ‘भास्कराचार्य’ म्हटले की ‘लीलावती’ या गणितग्रंथाचा कर्ता दुसरा भास्करच अभिप्रेत असतो. या सवयीमुळे पहिल्याचे कर्तृत्व झाकोळले गेले आहे आणि कित्येकदा ते दुसऱ्याच्या नावावरही जमा होते. या नोंदीत पहिल्याला अधिक जागा दिली आहे, ती याच कारणाने.

पहिला भास्कर इ. स. च्या सातव्या शतकात झाला. आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ या अत्यंत संक्षिप्त, सूत्रवजा ग्रंथावर त्याने इ. स. 629 मध्ये भाष्य, म्हणजे मूळ वचनाचा अर्थ शंकासमाधानासह उलगडणारे विवरण, लिहिले. ब्रह्मगुप्ताचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ त्याच्या एकच वर्ष आधीचा असल्याने हे दोघे समकालीन ठरतात. भाष्यातील उदाहरणांत वलभी, भरुकच्छ (भडोच) अशी गावे येतात, त्यावरून त्याचा सौराष्ट्र-गुजरातशी निकटचा संबंध दिसतो. आर्यभटाच्या शास्त्राला तो अश्मकांचे शास्त्र म्हणतो, म्हणून गोदावरीकाठच्या अश्मक देशाशीही त्याचे नाव जोडले जाते. ‘महाभास्करीय’ आणि त्याचे संक्षिप्त रूप असलेले ‘लघुभास्करीय’ हे त्याचे अन्य दोन ग्रंथ होत.

या भाष्याचे मोल केवळ टीका म्हणून नाही. शब्दांत सांगितलेली संख्या भास्कर पुढे अंकांतही मांडतो, नियमापाठोपाठ उदाहरण देतो, ते सोडवून दाखवतो आणि उत्तराचा पडताळाही घेतो, त्यामुळे त्या काळी गणित प्रत्यक्ष कसे शिकवले जात असावे याचे इतके जिवंत चित्र दुसऱ्या कोणत्याही तत्कालीन ग्रंथातून मिळत नाही. परिघ व व्यास यांचे गुणोत्तर दहाचे वर्गमूळ मानण्याची जुनी रीत तो नाकारतो, कारण तिला केवळ परंपरेचा आधार आहे, उपपत्ती (सिद्धता) नाही, असे त्याचे म्हणणे आहे. कुट्टक, म्हणजे दिलेल्या भाजकांनी भागल्यावर ठराविक बाक्या उरवणारी पूर्ण संख्या शोधण्याची रीत, आर्यभटाने दोन श्लोकांत सांगितली होती. ती उदाहरणांनी स्पष्ट करण्याचे श्रेय या भाष्यकाराचे. आठांनी भागता पाच, नवांनी भागता चार आणि सातांनी भागता एक उरते अशी संख्या कोणती, हा त्याचा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यालाही रमवील, उत्तर 85.

‘महाभास्करीया’च्या सातव्या अध्यायातील ज्या-साधनाचा नियम ही त्याची सर्वांत ख्यातनाम कामगिरी होय. ज्या म्हणजे वर्तुळातील चापाशी संबंधित अर्धजीवा, आजच्या भाषेत कोनाची साइन. ती काढण्यासाठी ज्योतिषी कोष्टकावर विसंबत असत. भास्कराने कोष्टकाशिवाय ती काढून देणारे एकच सूत्र दिले. आजच्या रीतीने सांगायचे तर कोनाचे अंश आणि 180 मधून ते वजा करून उरणारे अंश यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट ही अंशस्थानी ठेवावी आणि 40500 मधून तोच गुणाकार वजा करून येणारी संख्या छेदस्थानी ठेवावी. या सूत्राने 30 व 90 अंशांची किंमत अगदी अचूक येते आणि 45 अंशांसाठी 0.7071 ऐवजी 0.7059 मिळते. इतक्या मोजक्या आकडेमोडीतून एवढी जवळीक साधणारे सूत्र रचण्यामागे असाधारण बुद्धी आहे.

नेमक्या याच ठिकाणी दोन भास्करांची गल्लत होते. दुसऱ्या भास्कराने ‘लीलावती’त चाप व परिघ यांवरून जीवा काढण्याचा जो स्थूल नियम दिला आहे, तो बीजगणिताच्या दृष्टीने या सूत्राशी समरूप असल्यामुळे सूत्राचे जनकत्व सहजच त्याच्याकडे जाते, वास्तविक ‘महाभास्करीय’ ‘लीलावती’पेक्षा पाच शतकांनी जुने आहे.

पहिल्या भास्कराचे विस्मरण घडले त्यामागे ग्रंथांचे भौगोलिक नशीब आहे. त्याच्या ग्रंथांचा अभ्यास मुख्यतः केरळात टिकला: शंकरनारायणाने इ. स. 869 मध्ये ‘लघुभास्करीया’वर टीका लिहिली, तर गोविंदस्वामी आणि पुढे पंधराव्या शतकातील परमेश्वर यांनी ‘महाभास्करीया’वर लिहिले. दुसऱ्या भास्कराचे ग्रंथ मात्र देशभर पसरले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1545 मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका रचली आणि 1817 मध्ये कोलब्रुकच्या इंग्रजी भाषांतराने ‘लीलावती’ युरोपातही पोहोचली. पहिल्याच्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या निघण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कृपाशंकर शुक्ल यांनी त्या सिद्ध केल्या.

दुसरा भास्कर शके 1036 मध्ये (इ. स. 1114) जन्मला आणि छत्तिसाव्या वर्षी त्याने ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. पहिला आर्यभटाचा अनुयायी, तर दुसरा ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मपक्षाचा. ग्रंथाचा कर्ता ठरवताना पक्षाची, म्हणजे कालमान व ग्रहगतीच्या मूळ आकड्यांच्या परंपरेची, ही खूण फार उपयोगी पडते. चक्रवाल या आवर्ती रीतीने दुसऱ्या भास्कराने 61 ने गुणलेल्या वर्गात एक मिळवून पुन्हा पूर्ण वर्ग देणाऱ्या संख्या शोधल्या. त्या 226153980 आणि 1766319049. याच प्रश्नाचे आव्हान फर्माने युरोपातील गणितज्ञांना 1657 मध्ये दिले होते. ‘करणकुतूहल’ हा पंचांगगणितासाठी उपयुक्त ग्रंथ त्याने 1183 मध्ये लिहिला.

चाळीसगावजवळील पाटण येथे भाऊ दाजी लाड यांना सापडलेला, 1207 च्या सुमाराचा शिलालेख त्याच्या घराण्याची वंशावळ देतो. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन झाला होता. याच वंशावळीत त्रिविक्रमाचा पुत्र भास्करभट्ट हा आणखी एक भास्कर येतो, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. तो लीलावतीकाराचा पूर्वज होय. आडनावे नसलेल्या काळात पित्याचे नाव, गोत्र व राजाश्रय यांची सांगड घातल्याशिवाय अशा नावांचा उलगडा होत नाही.

गणिताबाहेरही हे नाव आढळते. ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदवादी, म्हणजे जीव व ब्रह्म यांत भेदही आणि अभेदही मानणारे, भाष्य लिहिणारे भास्कराचार्य शंकराचार्यांनंतर झाले. मराठीत ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ रचणारे महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर हे यादवकाळाच्या अखेरचे. अठराव्या शतकात ललितासहस्रनामावर ‘सौभाग्यभास्कर’ हे भाष्य लिहिणारे शाक्त पंडित भास्करराय झाले, आणि त्याच शतकात बंगालच्या स्वारीत 1744 मध्ये तेथील नवाब अलीवर्दीखानाने दगा करून मारलेले, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर तिकडच्या लेखनात ‘भास्कर पंडित’ या नावाने येतात.